दोन माणसांची पडवी

आमच्या घराला चाकं होती, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतेय. खरं म्हणजे घराला नव्हती, घरासमोर उभ्या असलेल्या डब्याला होती. पण तो डबा म्हणजे आईचं स्वतःचं घर, हे विरारजवळच्या बोळिंजमधल्या आमच्या बैठ्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं.

बाबा सरकारी बसगाड्यांच्या कारखान्यात पत्र्याचं काम करायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी घरातली एक वस्तू सोडली नाही. चालू असलेला मिक्सर उघडून बंद पाडला, आणि न वाजणाऱ्या दाराला तेल घालघालून ते वाजायला लावलं. शेवटी आईच म्हणाली, "तुम्हाला एवढंच काही ठोकायचं असेल, तर मला एक खोली ठोकून द्या. माहेरी नेऊन ठेवते."

ती हे चिडून बोलली होती, पण त्यामागे दुखणं होतं. आईचं माहेर रत्नागिरीकडे. तिथे तिचे दोन भाऊ, माझे मामा. वाटणीवरून त्यांचं बिनसलं, घराच्या मधोमध भिंत आली आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. त्याला चार वर्षं झाली होती. शिमग्यात तिकडे गावदेवीची पालखी घरोघर येते आणि लेकी माहेरी जाऊन अंगणात देवीची ओटी भरतात. आई मुंबईत आली, मग विरारला आली, पण शिमगा तिने कधी चुकवला नव्हता. भिंत उभी राहिली आणि तिचं जाणं थांबलं. थोरल्याकडे उतरावं तर धाकटा तोंड फिरवणार, धाकट्याकडे उतरावं तर थोरला वर्षभर पत्र टाकणार नाही.

"मी कुणाच्या अंगणात उभी राहून ओटी भरू?" ती विचारायची. मी एकदा म्हटलं, "नको जाऊस मग, इथेच देवळात भर." त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मामांचं रक्त तिच्यातही होतंच.

बाबांनी मात्र तिचं बोलणं शब्दशः घेतलं. नालासोपाऱ्याच्या भंगारवाल्याकडून त्यांनी जनरेटर वाहायची दोन चाकांची गाडी आणली आणि तिच्यावर पत्रा-प्लायवूडचा डबा बांधला. आत दोन बाकं, खाली सामानाचे कप्पे, स्टोव्हला कठडा आणि खिडकीला बसची सरकती काच. चाळीतली पोरं त्याला टपरी म्हणायची. बाबांना त्याचा राग यायचा. कुणी टपरी म्हटलं की ते त्याला हाताला धरून आत नेत आणि कप्पे उघडून दाखवत.

डब्यावर त्यांचा जीव होता, पण सगळी अक्कल त्यांनी ओतली होती ती पडवीत. डब्याच्या एका अंगाला वरून कॅनव्हासचा मोठा तुकडा गुंडाळलेला असायचा. गुंडाळीच्या नळीत दुकानाच्या शटरला असते तशी स्प्रिंग होती. एका माणसाने मधली दोरी ओढली की कापड बाहेर यायचं, बाजूचे दोन लोखंडी हात कोपरातून उलगडायचे आणि आठ फूट सावली तयार. "एका हाताने उघडते," हे बाबा दिवसातून दहा वेळा सांगत. आईला एवढंच समजलं होतं की ही पडवी आता तिचं अंगण. घराखालचा एक कुणगा, म्हणजे भाताचा लहानसा तुकडा, अजून दोघा मामांपैकी कुणाच्याच वाटणीत गेलेला नव्हता. तिथे डबा लावायचा, पडवी उघडायची आणि तिच्याखाली पालखी थांबवायची. तिने दोन्ही भावांना सारख्याच मजकुराची पत्रं टाकली, की या शिमग्याला मी येतेय आणि माझ्याच घरी उतरणार आहे.

शिमग्याला तीन आठवडे होते तेव्हा चाळमालक काकांच्या मुलीचं लग्न निघालं.

काका इथले जुने. केळीची वाडी, थोडी भातशेती आणि त्यांनीच बांधलेली आमची चाळ. वाडीवर भाडेकरू कोण आणि घरचे कोण, हा फरक त्यांना कधी कळला नाही, त्यामुळे लग्न आमच्याच घरी असल्यासारखं झालं. मांडवाच्या दिवशी पाहुणे वाढले. बाबांनी मोठ्या ऐटीत आपली पडवी उघडून दिली. तिच्या सावलीत बायका पापड तळायला बसल्या. येईल त्याला बाबा "एका हाताने" दाखवत होते. दुपारी ते जरा आडवे झाले.

इथल्या जुन्या घरांत मांडवावर हिरवे डहाळे घातल्याशिवाय मांडव म्हणत नाहीत. उंबर, जांभूळ, आंबा. शेजारीपाजारी वाजतगाजत जाऊन फांद्या आणतात आणि मांडवावर चढवतात. काकांचे भाऊबंद फांद्या घेऊन आले, मोठा मांडव शाकारून झाला आणि बऱ्याच फांद्या उरल्या. समोर आमची पडवी उघडीबोडकी. तिच्याखाली लग्नघरच्याच बायका बसलेल्या. म्हणजे तोही मांडवच. त्यांनी अगदी मायेने उंबराचे चांगले मनगटाएवढे डहाळे त्या कॅनव्हासवर रचले.

बायका चहाला उठल्या म्हणून वाचल्या. आधी कापड फाटल्याचा आवाज आला, मग काहीतरी तुटल्याचा खणखणीत आवाज. बाबा बनियनवर धावत बाहेर आले. पडवी पापडांच्या परातीवर आडवी झाली होती आणि वर उंबराचा ढीग.

काका हातात अक्षतांचं ताट घेऊन तसेच उभे. "मांडव उघडा बरा दिसत नाय," ते कसंबसं म्हणाले. "तुमचा पन आपलाच म्हनून घातला हो डहाळा. कोनाला काय म्हाइत, हा असा बसंल."

बाबा वाकून एकेक डहाळा बाजूला करू लागले. मला मात्र इतका राग आला होता की मी काहीतरी वेडंवाकडं बोलणारच होते. आईने माझा दंड दाबला. "शुभकार्य आहे," ती म्हणाली, "हळद लागायची आहे पोरीला." मग ती गुपचूप घरात गेली. मी मागोमाग गेले, तर ती मोरीत नळ सोडून रडत होती. तिला इतकं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

लग्न पार पडलं आणि दुसऱ्याच दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. एक लोखंडी हात कोपरात साफ वाकला होता. तो बाबांनी अंगणात विटा रचून केलेल्या भट्टीत लाल केला आणि पाट्यावर ठेवून ठोकून सरळ केला. पाटा अर्थातच आमच्या स्वयंपाकघरातला. कापड शिवणीवर हातभर फाटलं होतं, शिवाय उंबराच्या चिकाचे डाग. काका अर्नाळ्याहून मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेऊन आले आणि सोबत मांडवाच्या पिवळ्या-लाल कापडाचा तुकडा. आईने दाभण घेऊन ते ठिगळ दुहेरी टाक्यांनी लावलं. खाकी कापडावर ते ठिगळ लांबून दिसायचं. काका रोज संध्याकाळी येऊन उगाच काहीतरी धरून उभे राहायचे, पक्कड नाहीतर दिवा. भाजी-केळी नेणाऱ्या आपल्या जीपला डबा जोडून आपण स्वतः तुम्हाला कोकणात नेणार, हे त्यांनी चार वेळा सांगून टाकलं होतं.

अडलं ते स्प्रिंगवर. ती मधोमध तुटली होती. तेवढ्या लांबीची तयार मिळेना. बनवून देणारा म्हणाला, महिना लागेल.

"पुढच्या वर्षी जाऊ," बाबा म्हणाले. "स्प्रिंग नाही तर ही पडवी नाही, नुसतं फडकं आहे."

"मी पत्रं टाकलीत," आई म्हणाली. "यंदा गेले नाही तर ते दोघं परत माझी वाट बघणार नाहीत. आणि मीही परत लिहिणार नाही." ती एवढंच बोलली आणि तांदूळ निवडत राहिली.

बाबांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तात्पुरता उपाय काढला. पुढच्या दोन कोपऱ्यांना दोन उभे पाइप, पाइपात पाइप, हव्या त्या उंचीला खीळ घालून अडकवायचे. स्प्रिंगचं काम माणसांनी करायचं. बाबा शिडीवरून गुंडाळी सोडणार आणि खाली दोन माणसांनी दोन कोपरे धरून एकाच वेळी पुढे न्यायचे, एकाच वेळी वर उचलायचे. एक कोपरा जरी मागे राहिला, तरी नळी तिरकी होऊन अडकायची.

पहिली चाचणी मी आणि काकांनी दिली. काका सहा फूट, मी पाच फुटांना जेमतेम पोचलेली. नळी तीन वेळा अडकली. "अगं, त्यांच्याकडे बघ! सांगून उचल!" बाबा शिडीवरून ओरडत होते. "काका, तुम्ही दम धरा!" मी ओरडत होते. चौथ्यांदा जमलं. बाबा खाली उतरले ते चेहरा पाडून. एका हाताने उघडणारी पडवी गेली होती.

आई ओट्यावर बसून बघत होती. तिने विचारलं, "म्हणजे आता याला दोन माणसं लागतात?"

"दोन, आणि सारख्या उंचीची," बाबा वैतागून म्हणाले. "आणि एकमेकांशी बोलणारी. नाहीतर असा तमाशा."

आईने उठून एक पाइप हातात धरून पाहिला. मग म्हणाली, "असू दे अशीच. चांगली झालीय."

बाबांना वाटलं ती त्यांची समजूत घालतेय. मलाही तेच वाटलं.

गावी पोचलो त्या दिवशी सकाळी थोरला मामा कोवळ्या फणसाची कुयरी घेऊन आला आणि धाकटा कैऱ्या घेऊन. वेगवेगळ्या वाटेने, वेगवेगळ्या वेळी. दोघांनी डब्याभोवती चक्कर मारली, दोघांनी कप्पे उघडून बघितले. बाबा खूश. दोघांनी आपल्याकडे जेवायला बोलावलं आणि दोघांना आईने एकच उत्तर दिलं. "जेवण राहू दे. चार वाजता ये. पालखी यायच्या आत पडवी उभी करायचीय आणि माझ्याकडे माणूस नाही."

चार वाजता दोघं आले. एक कुणग्याच्या या बांधावर, एक त्या बांधावर. एकमेकांना बघून थबकले. बाबा शिडीवर चढले. काका बिचारे बाह्या सावरत पुढे झाले, तर आई त्यांच्यावर खेकसलीच. "तुम्ही बसा! इतकी जीप चालवलीत." मी हलले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू बुटकी आहेस."

मग तिने एक पाइप थोरल्याच्या हातात दिला, एक धाकट्याच्या. दोघं सारख्याच उंचीचे. जवळ उभे राहिले तेव्हाच माझ्या ते ध्यानात आलं.

पहिल्यांदा उचललं आणि नळी अडकली. दोघं समोर बघत होते, एकमेकांकडे नाही. दुसऱ्यांदा अडकली. खालच्या वाडीतून ढोलाचा आवाज यायला लागला होता. आई ओटीचं ताट हातात धरून उभी होती.

"सांगितल्याशिवाय नाही उचलली जात ती," बाबा शिडीवरून म्हणाले. आता ओरडत नव्हते.

ढोल बांधाशी आला.

"...धरलंस?" थोरल्या मामाने विचारलं. पाइपाकडे बघत विचारलं.

"धरलंय."

"तुझी बाजू खाली आहे."

"तू थांब मग जरा. थांब, थांब. हां. आता."

"उचल."

कापड सरसर बाहेर आलं आणि ठिगळासकट ताठ उभं राहिलं. खिळी बसल्या. पालखी नाचत त्याच्याखाली आली. आईने ओटी भरली. दोन्ही पाइपांना दोन भाऊ धरूनच उभे होते. खिळी पक्क्या बसल्यात, सोडा आता, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. बाबांनीसुद्धा नाही. मी रडले. काकाही रडले, त्यांना तर काय चाललंय हेही नीट माहीत नव्हतं.

एका कापडाने भिंत पडली, असं मी म्हणणार नाही. भिंत आजही आहे. पण पुढचे पाच दिवस आईने त्या दोघांना पळता भुई थोडी केली. दव पडेल, गुंडाळा. ऊन आलं, उघडा. वारा सुटलाय, जरा खाली घ्या. पाच दिवस ते सकाळ-संध्याकाळ एकमेकांना "धरलंस?" विचारत राहिले. शेवटच्या दिवशी धाकट्याने "हळू घे, तुझी पाठ दुखते" असं म्हटलेलं मी ऐकलं.

आम्ही परत आलो तोवर स्प्रिंग तयार झाली होती. बाबा ती घेऊन आले, तेव्हा आईने ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. "बसवायची नाही," म्हणाली. त्यावर बाबा वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घातला नाही. पुढे दर शिमग्याला डबा गावी गेला आणि दर शिमग्याला पडवी दोन मामांनीच उघडली.

पण दर माघात बाबा माळ्यावरून ते पुडकं काढायचे, स्प्रिंगला ग्रीस लावायचे, फडक्याने पुसायचे आणि परत वर ठेवायला मला स्टूल धरायला लावायचे. एका वर्षी मी विचारलं, "कधी बसवायचीच नाही, तर एवढं ग्रीस कशाला?"

आई आत स्वयंपाक करत होती. बाबांनी आवाज खाली आणला.

"तुझ्या दोघा मामांतला एक जण नसेल, तेव्हा लागेल," ते म्हणाले. "स्टूल नीट धर."