कल्याण ते कोलशेत: विजेच्या बसने, बाबांच्या मागे

लोक लडाखला जातात, मी कोलशेतला गेले. तेसुद्धा बाबांची स्कूटर सुटावी म्हणून.

बाबा म्हणजे बसडेपोतले निवृत्त डिझेल मेकॅनिक. दर रविवारी ते कल्याणहून कोलशेतला मोठ्या बहिणीकडे जातात. आत्या अंथरुणाला खिळली आहे आणि रविवारी भाऊ आल्याशिवाय ती जेवत नाही. मागच्या महिन्यात नौपाड्यातल्या डॉक्टरांनी बाबांना काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, त्यामुळे गाडी चालवणं बंद. बाबांनी फर्मान काढलं की बसने एकट्याला जमलं तर स्कूटर सोडेन, नाही जमलं तर डॉक्टर गेला खड्ड्यात. स्टेशनचे जिने चढायची त्यांची तयारी नाही, म्हणजे बस हाच मार्ग उरला.

आता पेट्रोल-डिझेल कमी जाळा म्हणून सरकार मागे लागलंच आहे. विजेच्या बस आल्या, जुन्या गाड्या भंगारात द्या म्हणतात, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. (उद्या नुसता उसाचा रस घालतील, इति बाबा.) म्हटलं, देशाचं तेल सरकार वाचवेल, आपण आपला बाप वाचवू.

अट त्यांचीच होती. मी सोबत यायचं, पण ओळख दाखवायची नाही. ते एकटे आहेत असं समजायचं आणि तोंड उघडायचं नाही. माझ्यासाठी हे लडाखपेक्षा अवघड.

कल्याणला बस उभीच होती, हिरव्या नंबरप्लेटची, एसी. रविवारी सकाळी जागा सहज मिळते. तिकीट शेअर रिक्षांच्या बेरजेपेक्षा कमी पडतं, मोबाईलवरून पैसे चालतात, आणि बायकांना, ज्येष्ठांना सवलत आहे का ते कंडक्टरला विचारून घ्या. बाबा पुढे बसले, मी चार सीट मागे. दुर्गाडीचा पूल ओलांडला, कोनगाव गेलं, तरी बस चालू आहे की नाही याचा बाबांना संशयच. सीटखाली हात लावून बघत होते. रांजणोलीपासून मेट्रोच्या खांबांची संगत आणि भरपूर धूळ, पण काचा बंद असल्यामुळे ती बाहेरच राहिली. ड्रायव्हरने ब्रेक सोडला तरी हिसका नाही. डिझेलच्या बसमध्ये मला हमखास मळमळतं, तेही झालं नाही. मी खूश, मनात स्कूटर विकून मोकळी.

माजिवड्याला उतरून कोलशेतची बस पकडायची होती. तिथे घोळ झाला.

बाबा बाकावर बसले आणि त्यांनी चक्क डोळे मिटले. मला लगेच कळलं काय चाललंय. डेपोत असताना गेटमधून आत येणारी गाडी ते न बघता, आवाजावरून ओळखायचे, तिचं काय दुखतंय हेही सांगायचे. तीच ऐट. दोन डिझेल बस धडधडत आल्या, त्यांनी मान हलवली, आपली विजेची, या नाहीत. मग उजव्या बाजूने कोलशेतची आली, विजेची. घरातल्या पंख्याइतका आवाज. दार उघडलं, माणसं चढली, दार मिटलं. अट आठवून मी तोंडाला कुलूप लावून उभी. बस गेली आणि बाबा आपले डोळे मिटून वाट बघतायत.

दुसरीही तशीच गेली. तेव्हा कोणीतरी "अरे, कोलशेतची गेली" म्हणालं आणि बाबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा बघवेना. शेवटी ते उठले, रिक्षा केली, आणि अट विसरून मला हाताने बोलावलं. रिक्षात एकच वाक्य बोलले, "पुढच्या रविवारी स्कूटर."

आत्याकडे जय भीम झाला, तिच्या सुनेने सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. जेवण अप्रतिम, पण बाबा भाकरीचे नुसतेच तुकडे मोडत होते. आत्याने त्यांच्याकडून सगळी हकीगत काढून घेतली. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "तुला तोंड आहे ना? विचारायचं की चार माणसांना."

"मी? बसचं? लोकांना विचारू?"

"मग काय झालं? स्कूटरवरून पडलास तर मी काय उठून बघायला येणारे का तुला?"

बाबांनी भाकरी संपवली.

परतताना म्हणाले, अट तीच. मी स्टॉपवर थोडी लांब उभी राहिले. बाबा या वेळी बसले नाहीत. थोडा वेळ चुळबुळ केली, मग भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एका बाईंकडे गेले. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"ताई, माजिवड्याची आली की सांगाल का? मला बाजूचं दिसत नाही. आणि ही नवीन गाडी आली तरी ऐकू येत नाही."

बाजूचं दिसत नाही, हे त्यांनी घरातही कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. डॉक्टरांचे कागद आम्हीच वाचलेले.

"सांगते ना काका, मला पण तिथेच जायचंय," बाई म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी मलाच हाक मारली. "अगं ए, मी पिशव्या उचलेपर्यंत तू जरा या काकांकडे बघशील का? चढताना हात दे."

बाबा माझ्याकडे बघत होते, अगदी समोरून.

"बघते," मी म्हटलं.

बस आली. मी हात पुढे केला. बाबांनी तो धरला, चढले, आणि अनोळखी बाईला म्हणावं तसं "थँक्यू" म्हणून पुढच्या सीटवर जाऊन बसले. माजिवड्याला पुन्हा कोणाला तरी विचारलं, कल्याणची बस बरोबर पकडली. मी मागून येत होते.

तुम्ही हा प्रवास करणार असाल तर जरूर करा. बस गार, स्वच्छ, गुळगुळीत. फक्त स्टॉपवर गाडी आल्याची सूचना देणारं काहीतरी हवं. आवाज गेला ते चांगलंच झालं, पण त्या आवाजावर कोणाकोणाचं चाललं होतं ते बस आणणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

घरी आल्यावर बाबांनी स्कूटरची चावी टेबलावर ठेवली आणि भंगारात द्यायला कागद काय लागतात ते बघ म्हणाले. मग चप्पल काढता काढता म्हणाले, "पुढच्या रविवारी तू नको येऊस. जमतं मला."

हेच ऐकायला मी गेले होते. तरी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ गॅस पेटवायचं विसरले.