वैजनाथचा ओमानचा नंबर

सोनारीचे गोरोबा जन्मभर मेंढरांमागं हिंडले. त्यांच्या पोराला, वैजनाथला, त्या कामाची लाज वाटायची. "ऑफिसात नोकरी लागली," असं गावभर सांगून तो ओमानला गेला आणि तिथंही त्याच्या वाट्याला मेंढरंच आली.

पहिल्या सुट्टीला तो तिथलं सिमकार्ड घ्यायला गेला. ओळखपत्रावर लिहिलेलं काम वाचून दुकानदारानं मोठ्यानं विचारलं, "मेंढपाळ का?" मागंच त्याच्या ओळखीचा, सोनारीशेजारच्या परंड्याचा अमरसिंह उभा होता. वैजनाथची मान खाली गेली.

गावात कळायच्या आत आपणच सांगावं म्हणून त्यानं नव्या नंबरावरून घरी फोन लावला. "आबा, म्या खोटं बोललो. हितं मेंढरंच राखतोय."

गोरोबा म्हणाले, "आपल्या कामाची येवढी लाज वाटत व्हती व्हय रं?"

"व्हती, आबा," वैजनाथ म्हणाला.