मधली झोपली नाही

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसू यायचं. माझा धंदाच असा की जे आहे ते मोजता येतं. वीज दिसत नाही, तिला वास नाही, पण टेस्टर लावला की आहे की नाही ते कळतं. विषय संपला. घरी बायको काय काय ओवाळून टाकायची तेव्हा मी पेपर वाचत बसायचो. तिलाही हे अजून पूर्ण सांगितलेलं नाही... तरी इथे लिहितोय. का, ते मलाही नीट कळत नाही.

मी बुऱ्हाणपूरचा. लाइनवर काम करणाऱ्या माणसांना सुरक्षेचं शिक्षण देतो — वर्गात नाही, थेट खांबाखाली, काम चालू असताना. नोकरी कुठे ते राहू द्या. बावीस वर्षं तीच पाच वाक्यं बोलतोय. लाइन बंद करा. बंद झाली हे डोळ्यांनी बघा. टेस्टरने तपासा. अर्थिंग लावा. मगच हात लावा. समोरची माणसं मान हलवतात, सही करतात, आणि दुसऱ्या दिवशी हातमोजे जीपमध्ये ठेवून खांबावर चढतात. सुरुवातीला मी चिडायचो. मग समजवायचो. आता फक्त बोलतो. बोलताना माझं मलाच ऐकू येत नाही, इतकं ते पाठ झालंय.

गेल्या वर्षीचा एप्रिल. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. डोईफोडियाच्या अलीकडे मुख्य लाइनवरून एक शाखा केळीच्या बागांत शिरते, तिच्यावर सगळ्या शेतांच्या मोटारी. तिथल्या एका खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर बदलायचा होता. मुख्य लाइन चालूच ठेवायची होती, कारण पुढच्या गावांना लाइट हवी. फक्त ही शाखा बंद करायची. त्यासाठी शाखा जिथे फुटते त्या फाट्यावरच्या खांबावर एक मोठा स्विच असतो — वर तीन तारांना तीन पाती, खाली एक दांडा. दांडा खाली ओढला की तिन्ही पाती उघडतात आणि पुढची शाखा बंद पडते. काम आमच्या लोकांचं, आणि ठेकेदाराची पाच नवीन माणसं शिकायला सोबत.

खांबावर चढणार होता गजानन. पस्तिशीचा, हुशार, हात सफाईचा. आणि रजिस्टर सांभाळायला लताबाई. त्या खकनारच्या. नवरा नामदेव आमच्याकडे लाइनमन होता. त्या एप्रिलच्या सात वर्षं आधी तुकईथडजवळ शॉक लागून खांबावरच गेला. त्यानंतर लताबाईंना अनुकंपा तत्त्वावर नोकरीत घेतलं. ऑफिसात रजिस्टर, पाणी, चहा, आणि असं बाहेरचं काम असलं की सह्या घ्यायला सोबत. गजाननने सुरुवातीची चार वर्षं नामदेवच्या हाताखाली काढलेली. लताबाई त्याला ‘गजाननभाऊ’ म्हणतात. फार बोलत नाहीत कुणाशी.

त्या दिवशी मी दमलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगतो. सलग नववा दिवस, ऊन असं की हेल्मेट डोक्याला चिकटलेलं. गजानन मोटरसायकलने फाट्यावर जाऊन दांडा ओढून, कुलूप लावून आला. “सर, झालं.” तिथपर्यंत चालत जाऊन वर तिन्ही पाती उघडलीत का ते बघायला हवं होतं. पाचही माणसांना नेऊन दाखवायला हवं होतं — त्यालाच तर शिक्षण म्हणतात. मी गेलो नाही. मध्ये केळीची बाग, वळसा घालून दहा मिनिटं जायला, दहा यायला. आणि बागवाला डोक्यावर उभा.

“साहेब, लाइट कब आयेगी? केळी वाळून राहिली ना.”

“येईल हो, अर्धा तास.”

“तुमचा अर्धा तास माहीत आहे आम्हाला.”

मग टेस्टर काढला. लांब काठीला लावून खालूनच तारेजवळ नेतात, लाइन चालू असली की तो ओरडतो. पण आधी त्याचं बटण दाबून तो स्वतः ठीक आहे का ते बघायचं असतं. मी दाबलं. आवाज नाही. परत दाबलं. नाही. सेल संपले होते.

मी रजिस्टर घेतलं आणि ‘चाचणी केली’ या रकान्यात खूण केली. लताबाईंच्या हातात परत दिलं. गजाननला म्हटलं, “चढ. अर्थिंग लाव, मग बघू.”

बावीस वर्षं हेच करू नका म्हणून सांगणारा माणूस मी.

गजानन पट्टा बांधून चढायला लागला. पाचही जण वर बघत होते. लताबाई जीपच्या सावलीत, खांबाकडे पाठ करून, बॉनेटवर रजिस्टर ठेवून नावं लिहीत होत्या. गजानन तारांपासून हात-दीड हातावर पोचला. आणि लताबाई बोलल्या. वळल्या नाहीत, लिहिणं थांबवलं नाही.

“गज्या, उतर खाली. मधली झोपली नाही.”

आवाज त्यांचाच होता. बाईचाच. कोणी वेगळं बोलतंय असं काही नाही, घुमणं नाही, डोळे फिरवणं नाही. उलट अगदी कंटाळल्यासारखा आवाज — आपण घरात म्हणतो ना, गॅस चालू राहिलाय बघ, तसा.

मी काही बोलायच्या आत गजानन उतरायला लागला. ‘का’ असं विचारलं नाही त्याने. जमिनीवर पाय टेकले आणि तो सरळ खालीच बसला.

“काय झालं रे?”

“सर, तुम्ही ऐकलं ना?”

“ऐकलं. काय म्हणत होत्या त्या?”

“नामदेवदादा लाइन बंद झाली की म्हणायचे, झोपली. आणि सर... मला गज्या म्हणणारे ते एकटेच होते. आई पण नाही म्हणत.”

मी लताबाईंकडे गेलो. “लताबाई, आत्ता काय म्हणालात?”

“कधी?”

“आत्ता. गजाननला.”

“मी कुठं काय म्हटलं सर? नावं लिहून राहिले ना मी.” त्यांनी रजिस्टर पुढे केलं. पाचवं नाव अर्धं लिहिलेलं होतं. मग सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर सावरला. “काही चुकलं का?”

ड्रायव्हरच्या टॉर्चमधले सेल काढून टेस्टरमध्ये घातले. बटण दाबलं, आवाज आला. काठी वर केली. पहिली तार — शांत. तिसरी — शांत. मधलीजवळ नेली आणि टेस्टर असा किंचाळला की बागवाला चार पावलं मागे सरकला.

मग आम्ही सगळे फाट्यावर गेलो. दांडा खाली, कुलूप लावलेलं, सगळं बरोबर. वर दोन पाती उघडी. मधलं अडकलेलं. खालून नुसतं बघितलं तर उघडल्यासारखंच वाटत होतं. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघितलं तेव्हा दिसलं की ते पुरतं सुटलेलंच नाही. अकरा हजार व्होल्ट. गजाननचा हात आणखी थोडा वर गेला असता तर...

त्याला दोन मुली आहेत. मोठी त्याच आठवड्यात पाचवीत गेली होती.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. झोपली हा शब्द लताबाईंनी घरी नवऱ्याच्या तोंडून ऐकलेला असणार. गज्या हे नावही. मी चाचणी न करता खूण केली, हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून मनात भीती असेल आणि ती नकळत तोंडातून निघाली असेल. इथपर्यंत मी मानतो. पण मधलीच का? लताबाई फाट्यावर गेलेल्याच नव्हत्या. आम्ही उलट्या बाजूने आलो होतो. जीपपाशी उभं राहिलं तर फाट्याचा खांब दिसतच नाही, मध्ये उंच केळी. मी नंतर दोनदा तिथे जाऊन उभा राहिलो, वेगवेगळ्या वेळी. दिसत नाही. ऐकू काही येत नाही. आमच्या एका सीनियर इंजिनीअरला सांगितलं. तो म्हणाला, तीन तारा, अंदाज लागला असेल, योगायोग आहे, सोडा. लागला असेल. पण अंदाज करायला तरी कुणी सांगितलं होतं त्यांना?

एक गोष्ट राहिली. ती लिहायची नव्हती खरं म्हणजे.

नामदेव गेला तेव्हा चौकशी झाली. प्रशिक्षक म्हणून माझं मत मागितलं. मी ऑफिसात पंख्याखाली बसून एक ओळ लिहिली — कामगाराने चाचणी न करता काम सुरू केले. त्या खांबापर्यंत मी गेलो नव्हतो. तिथला स्विच बघितला नव्हता. आणि पुढे सात वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात मी ते उदाहरण दिलं. नाव न घेता. “आपल्याच एका लाइनमनने निष्काळजीपणा केला...” लताबाई तिथेच पाण्याचे ग्लास भरत असायच्या. नाव घेतलं नाही म्हणजे त्यांना कळलं नसेल, असं मी समजत होतो.

डोईफोडियाच्या त्या दिवसानंतर मी तुकईथडला जाऊन आलो. स्विच कधीच बदललाय, जुना भंगारात गेला. तेव्हाचं मधलं पातं उघडलं होतं की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. मी वर अर्ज दिला की माझं मत पाहणी न करता लिहिलेलं होतं, ते रद्द धरावं. अर्जाची पोच मिळाली. उत्तर नाही.

मग एका रविवारी खकनारला लताबाईंच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यात बसल्या. मी सगळं सांगितलं — ती ओळ, पंखा, उदाहरण, रजिस्टरमधली खूण. गजाननने काय ऐकलं तेही. मला वाटलं रडतील, नाहीतर मला घालवून देतील. दोन्ही मला चाललं असतं.

त्या म्हणाल्या, “गजाननभाऊ पण हेच सांगून गेले. आमचे हे आले होते म्हणे माझ्या तोंडात.”

“मला माहीत नाही, लताबाई. मी असल्या गोष्टी मानत नव्हतो.”

“आले असतील. गजाननभाऊवर जीव होता त्यांचा.” त्या अंगणाकडे बघत होत्या. “पण सर, मला सांगा. सात वर्षं झाली. मी रोज दिवा लावते. एकदा पण माझ्या स्वप्नात नाही आले. आणि आले तर असे... माझ्याच तोंडातून बोलून गेले, आणि मलाच ऐकू नाही आलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. मी सोडून.”

मग त्यांनी विचारलं, “आवाज कसा होता? दमल्यासारखा होता का?”

मी हो म्हणालो.

“ते कामावरून यायचे तेव्हा तसंच बोलायचे,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

माझ्याकडे याचं काहीच स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त योगायोग म्हणायचं असेल तर ते आधी त्यांच्या उंबऱ्यात बसून म्हणून बघा. मला जमलं नाही.