खांदा सैल सोडा

आमच्या गल्लीतल्या शिंप्यांना सगळे मास्तर म्हणतात. मीही शाळेत मास्तरच होतो, पण त्यांच्या टेबलावरचं कापड माझ्या वर्गापेक्षा जास्त शहाण्यासारखं वागायचं. दुकानात मशीन सून चालवते, काजं-बटणं बायको करते. बेतायचं मात्र मास्तरांनीच. त्यांच्या कात्रीला दुसऱ्या कोणी हात लावला की त्यांना जेवण गोड लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या कोटाच्या कापडावर त्यांनी खडूने रेघा मारल्या, कात्री घेतली, वाकले आणि तसेच राहिले. कमरेतली कळ महिनाभर सतावत होतीच, त्या दिवशी तिने हात टेकायला लावले. कापडाची घडी घालून ते सुनेला म्हणाले, "उद्यापासून नवीन काम घेऊ नकोस. उसवलेलं शिवू, पँटी आखूड करू. बास." बोलताना त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून 'मोडलं-बिडलं काही नाही, हवं तर कायरोप्रॅक्टरला दाखवा' असं सांगितलं होतं. सांधे आणि मणके हाताने मोकळे करणारे हे लोक. मास्तर तयार होईनात.

"ते मान कटकन मोडतात म्हणे."

"माझ्यापुढे इतकी वर्षं ताठ राहिली ती मान," बायको म्हणाली, "ती काय मोडतेय! चला."

तिथल्या बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. मास्तर श्वास रोखून बसलेले आणि बाईंचे आपले प्रश्नच चाललेले. कळ पायात उतरते का? मुंग्या येतात का? कधी पडलात का? हाडं ठिसूळ झाल्याचं कोणी सांगितलंय का? औषधं कोणती? मग छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक केलं, वाकवून पाहिलं.

"पाय बधिर झाला, त्यातली ताकद गेली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर माझी वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा," त्या म्हणाल्या. "तुमचं तसं दिसत नाही. कोट काढून पालथे झोपा. आता खांदा सैल सोडा."

"किती?" मास्तरांनी विचारलं. "पाव इंच की अर्धा?"

बायको तोंडावर हात ठेवून हसली. बाईही हसल्या, आणि त्या हसण्यात मास्तरांचा खांदा आपसूक खाली आला.

प्रत्येक वेळी दाबण्याआधी त्या विचारायच्या, "चालेल? नको असेल तर सांगा." एकदा कट् झालं.

"मोडलं!"

"हाड नव्हे हो. सांध्यात जे पाण्यासारखं असतं, त्यात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज. नाही आला तरी बिघडत नाही."

"म्हणजे आता मी बरा?"

"हमी देत नाही. उद्या अंग थोडं दुखेल. व्यायाम दाखवते, ते घरी करायचे. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर मीच तुम्हाला डॉक्टरांकडे परत धाडेन. आणि ते बेतायचं टेबल उंच करून घ्या."

मास्तर उठून बसले. "टेबल? माझ्या गुरूंचं आहे ते! त्याला कसा हात लावू?"

"गुरू उंचीला केवढे होते?"

"माझ्या खांद्याला लागायचे."

"मग टेबल त्यांच्या मापाचं आहे."

घरी येताच मास्तर त्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. एवढ्या लोकांना त्यांच्या त्यांच्या मापाचं शिवून देणारा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या मापात उभा होता, आणि ते त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. संध्याकाळी सुताराने टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. मास्तरांनी समोर उभं राहून हातांची उंची पाहिली, एक ठोकळा किंचित तासून घेतला.

कळ एका दिवसात गेली नाही. अजूनही गार हवेत डोकावते, मग ते कात्री ठेवून बाईंनी दाखवलेले व्यायाम करतात आणि बायको "करा, करा, बघायला गिऱ्हाईक आलंय" म्हणते. पण माझा कोट त्यांनीच बेतला, न वाकता, एका दमात.

शेवटची कात्री फिरवून त्यांनी पाठ सरळ केली. सुनेने मशीन थांबवून विचारलं, "बाबा, दारात एक जण सूट शिवायचा म्हणतायत. काय सांगू?"

"सांगतेस काय? आत बोलाव," मास्तर म्हणाले आणि गळ्यातली टेप सरळ केली.