ताट पडल्याचा आवाज

दुपारी खिचडी वाढताना कुणाच्या तरी हातून ताट निसटलं. आमच्या शाळेत ताट पडलं की सगळी पोरं एका सुरात "होऽऽ" करतात. आजही केलं. आणि दुसरीतली सुमन नेहमीसारखी माझ्या टेबलाखाली शिरली. तिच्या घरी भांडं आपटलं की पाठोपाठ आईला मार पडतो. तिनंच मला हे सांगितलंय.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते. वर्ग कसा सांभाळायचा ते मला शिकवलं गेलं. पण एखादं लेकरू आपली भीती रोज तुमच्यापाशी आणून टाकतं, त्या भीतीचं काय करायचं ते कुणी शिकवलं नाही. भीती अंगाला चिकटते हो, फणसाच्या चिकासारखी. हल्ली घरी नवऱ्याच्या हातून साधं झाकण पडलं तरी मी दचकून मागे सरते. तो बिचारा म्हणतो, "अगं, झाकण आहे ते!"

आज त्या आवाजासरशी मी टेबलाची कड घट्ट धरली. पोरं हसत होती आणि मला हसता येईना. सुमनला लपायला निदान मी तरी आहे. मीच घाबरले तर तिनं कुणाकडे बघायचं?

तिनं पाहिलंच. माझ्या साडीचा काठ ओढत, जरा बाजूला सरकत ती हळूच म्हणाली, "बाई, या ना आत. दोघी मावतो आपण."

मी वाकले. तिला बाहेर काढायला की आत शिरायला, माझं मलाच कळेना.