नीरजाचं दुकान आणि तांब्याचा बंब

शेजारच्या नीरजाला मराठी येत नाही, असं मी देवासभर सांगत फिरायचो. तिचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून इथे आले, पोरगी हिंदी शाळेत गेली आणि 'मी आली, मी गेली' बोलू लागली. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. मला ते सहन व्हायचं नाही.

ती नोकरी करायची ते ऑफिस बंद पडलं, तेव्हा रडत बसली नाही. दोन हजार सहा साली तिने घरी इंटरनेट घेतलं आणि लोकांच्या वस्तू विकायला सुरुवात केली. कुणाच्या गोधड्या, उदयनगरच्या बायकांच्या बांबूच्या टोपल्या, कुणाचा जुना ग्रामोफोन. ती फोटो काढायची, वर्णन लिहायची, पार्सल बांधून स्वतः कुरिअरला न्यायची. बावीस घरांच्या वस्तू विक्रीच्या वेबसाइटवरच्या तिच्या एका खात्यावर होत्या.

यमुनाबाईंनी पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"तात्या, बंबची स्पेलिंग?"

"सोपं आहे. 'बॉम्बे'तले शेवटचे ए-वाय काढ. झाला बंब!"

तिने मुकाट्याने टाइप केलं. जुना तांब्याचा बॉम्ब, चालू स्थितीत, घरपोच मिळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वेबसाइटच्या कंपनीने खातंच बंद केलं!

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. लोक येऊन "आमचं सामान परत दे" म्हणू लागले. नीरजा म्हणाली, "दिवाळीच्या आत दुकान उघडणार. नाही उघडलं तर घेऊन जा." रोज कंपनीला ईमेल पाठवायची, रोज तेच ठरावीक उत्तर यायचं. मग तिने यमुनाबाईंच्या अंगणात बंब पेटवला. लाकडं घालताना, गार पाणी ओतताना, तोटीखालच्या बादलीतून वाफ येताना असे अकरा फोटो काढून पाठवले. आणि रोज दहाच्या ठोक्याला कंपनीला फोन.

बाराव्या दिवशी फोनवर एक माणूस भेटला. "मॅडम, इसमें फूटता क्या है?"

"कुछ नहीं फूटता, भिया. नहाने का पानी गरम होता है. फोटो देखो ना, अभी देखो. मैं लाइन पे रुकती हूँ."

चाळीस मिनिटं ती फोन धरून उभी होती. संध्याकाळी खातं उघडलं.

बातमी कळताच सगळे तिच्याकडे जमले. यमुनाबाईंनी विचारलं, "पण असलं भलतं नाव घातलं तरी कुणी गं?"

"माझीच चूक, मावशी. मराठी कच्ची आहे ना माझी."

मान खाली घालून मी बसलो होतो. बारा दिवस लोकांची बोलणी खाल्ली, पण माझं नाव तिने एकदाही घेतलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"यमुनाबाई, ते स्पेलिंग मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

नीरजाने स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"तात्या, आता अडकित्ता आला आहे. तो काय काम करतो, तेवढंच सांगा. स्पेलिंग मी करते."