फळं खाणारी विहीण

गेली दोन वर्षं मी जवळजवळ फळांवरच आहे. पित्तानं बेजार झाले होते, भाकरी-आमटी सोडली आणि बरं वाटलं, एवढीच गोष्ट. पण तुळजापुरात राहून नुसती फळं खायची म्हणजे रोज नव्यानं खुलासा द्यायचा. शाळेत डबा उघडला की बाकीच्या बाई विचारतात, "आज कशाचा उपास?" उन्हाळ्यात चिरलेली पपई मधल्या सुट्टीपर्यंत पाणी सोडते. लग्नाकार्यात कुणीतरी साबुदाण्याची खिचडी आणून ठेवतं आणि वर उपकार केल्यासारखं बघतं. मला राग येतो, आणि मी तो लपवत नाही.

म्हणून मी आणि हे मुलाचं घर बघायला बेंबळीला निघालो तेव्हा लेक म्हणाली, "आई, तिथं तुझं फळपुराण लावू नकोस. मला मुलगा मनापासून पसंत आहे."

आमच्याकडं मुलाचं घर बघायला गेलं की जेवायचं असतं. ताटाला हात लावला की घर पसंत. नुसतं पाणी पिऊन उठलात तर सोयरीक मोडली, तोंडानं बोलायची गरजच नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी भाकरी आणि वांग्याचं कालवण समोर आलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मला नको. मी फळंच खाते."

मुलाची आई वाढता वाढता थांबली. भिंतीला टेकलेले मुलाचे आजोबा सावरून बसले आणि म्हणाले,

"आमच्या घरचं चालत न्हाय का तुमाला?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. आम्हाला हलकं समजता का, असाच या प्रश्नाचा अर्थ असतो, ते आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं.

"तसं नाही हो. पित्ताचा त्रास आहे."

"भाकरीनं पित्त व्हतंय व्हय? आमी जलमभर तीच खातो."

तेवढ्यात आमचे हे घाईघाईनं म्हणाले, "उपास आहे तिचा."

"आज बुधवार. बुधवारी कशाचा?"

"नवस आहे. लेकीचं लग्न जमेपर्यंत अन्न खायचं नाही, असं भवानीआईला बोललीय."

यांना आयुष्यात कधी धड थाप मारता आली नाही. त्या दिवशी नेमकी जमली.

आजोबा माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "आमाला पोरगी पसंत हाय. सोयरीक जमली म्हणा. मग नवस फिटला का न्हाय? आता उपास आमच्याच घरी सोडा."

सगळे माझ्या हाताकडं बघत होते. यांनी मान खाली घातली. माझा यांच्यावर, म्हाताऱ्यावर, सगळ्यांवर संताप झाला होता. उठून जावंसं वाटलं. पण उठले असते तर घरी लेकीला काय तोंड दाखवणार होते?

मी भाकरी मोडली. घास तिखट होता आणि इतका चांगला लागला की स्वतःचीच चीड आली. मुलाच्या आईनं पदरानं डोळे पुसले आणि आणखी कालवण वाढलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेक होती. तिनं बाकी काही विचारलं नाही.

"आई, जेवलीस का?"

तोंडात घास होता. मी नुसतं "हं" म्हणाले, आणि ती पलीकडं रडायला लागली.